रक्त कमी, लोह मात्र जास्त: पायरूव्हेट कायनेजची कमतरता समजून घेताना

चेहरा फिकट दिसतोय, दोन जिने चढले की दम लागतोय, रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन कमी आलंय. यावर चारचौघांकडून सल्ला मिळतो तो एकच, लोहाच्या गोळ्या सुरू करा. बहुतेकांच्या बाबतीत तो बरोबरही असतो, कारण जगात सगळ्यात जास्त आढळणारा ॲनिमिया लोहाच्या कमतरतेमुळेच होतो. पण काही माणसांचं हिमोग्लोबिन आठ-नऊच्या वर जात नाही आणि त्याच वेळी त्यांच्या यकृतात गरजेपेक्षा कितीतरी जास्त लोह साठलेलं असतं. अशा माणसाला लोहाची गोळी दिली तर ॲनिमिया तसाच राहतो आणि यकृतातला साठा मात्र वाढतो.

असं घडवणारे आनुवंशिक आजार बरेच आहेत. थॅलेसेमिया हे त्यातलं सर्वांना ठाऊक असलेलं नाव. इथे मी लिहितोय ते पायरूव्हेट कायनेज डेफिशियन्सी या दुर्मिळ आजाराबद्दल. निदान झालेले रुग्ण मोजले तर दहा लाख लोकांमागे एका हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच, फार तर त्याहून थोडे अधिक. आजार दुर्मिळ असल्यामुळे नवा डॉक्टर भेटला की पुष्कळदा रुग्णालाच त्याला समजावून सांगावं लागतं. म्हणून तो रुग्णाला आणि घरच्यांना नीट कळलेला असणं फार गरजेचं आहे.

बिघाड नेमका कुठे होतो?

रक्तातली तांबडी पेशी तयार होता होता आपलं केंद्रक टाकून देते. ऊर्जा बनवणारे मायटोकॉन्ड्रियाही टाकून देते. सगळी जागा हिमोग्लोबिनसाठी मोकळी. पण त्यामुळे होतं काय, की ही पेशी शरीरभर ऑक्सिजन पोचवते आणि स्वतःला मात्र तो वापरता येत नाही. तिला लागणारी सगळी ऊर्जा ऑक्सिजनशिवाय, साखरेचं टप्प्याटप्प्याने विघटन करून मिळवावी लागते. ग्लुकोजच्या एका रेणूमागे सुरुवातीला एटीपीचे (पेशीचं ऊर्जेचं चलन) दोन रेणू खर्च होतात आणि पुढे चार मिळतात. म्हणजे निव्वळ कमाई दोनची. त्या चारांपैकी शेवटचे दोन ज्या टप्प्यात मिळतात, तो टप्पा घडवून आणणारं एन्झाइम म्हणजे पायरूव्हेट कायनेज. ते कमजोर पडलं की पेशीची जवळजवळ सगळी कमाईच धोक्यात येते.

ऊर्जा कमी पडली की पेशीच्या आवरणावरचे क्षारांचे पंप नीट चालत नाहीत. पेशीतलं पाणी निघून जातं, ती कडक होते आणि प्लीहेच्या (पोटात डावीकडे असलेला, रक्त गाळणारा अवयव) किंवा यकृताच्या अरुंद वाटांमध्ये अडकून नष्ट होते. निरोगी तांबडी पेशी साधारण 120 दिवस जगते. इथे ती त्याच्या कितीतरी आधी जाते. अस्थिमज्जा, म्हणजे हाडांच्या आतला रक्तपेशी बनवणारा गाभा, भरपाई म्हणून नव्या पेशी भराभर तयार करत राहते, पण तुटीशी तिचा मेळ बसत नाही. पेशी फुटून होणाऱ्या अशा ॲनिमियाला हीमोलिटिक ॲनिमिया म्हणतात. 1961 मध्ये विल्यम व्हॅलेंटाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यामागची ही एन्झाइमची कमतरता पहिल्यांदा दाखवून दिली.

दोष असतो पीकेएलआर नावाच्या जनुकात. आई आणि वडील अशा दोघांकडूनही दोष असलेली प्रत आली, तरच मूल आजारी होतं. एकच प्रत सदोष असेल तर तो माणूस वाहक असतो आणि त्याला सहसा काहीच त्रास नसतो. दोन वाहकांच्या प्रत्येक मुलामागे आजाराची शक्यता 25 टक्के, वाहक असण्याची 50 टक्के आणि दोन्ही प्रती निर्दोष असण्याची 25 टक्के. हा हिशेब प्रत्येक गरोदरपणाला नव्याने लागू होतो. पहिलं मूल आजारी झालं म्हणून पुढची तीन सुखरूप, असं काही नसतं. या जनुकात आजवर तीनशेहून अधिक प्रकारचे दोष सापडले आहेत. म्हणूनच एकाला जन्मल्यापासून दर महिन्याला रक्त चढवावं लागतं, तर दुसऱ्याला तिशीत कधीतरी पित्ताशयाचे खडे निघाले म्हणून पहिल्यांदा शंका येते.

निदानालाही म्हणूनच उशीर होतो. एन्झाइमची पातळी मोजणारी रक्तचाचणी आहे, पण नुकतंच रक्त चढवलेलं असेल तर दात्याच्या निरोगी पेशींमुळे तिचं उत्तर चुकतं. शिवाय अगदी कोवळ्या तांबड्या पेशींमध्ये हे एन्झाइम मुळातच जास्त असतं आणि या रुग्णांच्या रक्तात कोवळ्या पेशींची गर्दी असते. त्यामुळे आकडा ‘नॉर्मल’ दिसू शकतो. अशा वेळी जनुकाची तपासणी करून घेणं मला जास्त भरवशाचं वाटतं. शक्यतो दोन्ही चाचण्या व्हाव्यात.

थकवा, पिवळे डोळे आणि एक नैसर्गिक सोय

पेशी फुटल्या की हिमोग्लोबिनचं विघटन होऊन बिलिरुबिन तयार होतं. ते जास्त झालं की डोळे पिवळे दिसतात. नवजात बाळात ही कावीळ इतकी तीव्र असू शकते की प्रकाशोपचारावर न भागता रक्त बदलावं लागतं. मोठेपणी डोळ्यांचा पिवळेपणा कमी-जास्त होत राहतो. ताप आला, जागरण झालं, उपास घडला की वाढतो. ही संसर्गाची कावीळ नव्हे. ती कुणाला लागत नाही. शाळेत किंवा कामाच्या ठिकाणी हे एकदा स्पष्ट सांगून टाकलेलं बरं, कारण पिवळे डोळे पाहून लोक दूर सरकतात आणि मुलांच्या मनाला ते फार लागतं. बिलिरुबिनचेच पुढे पित्ताशयात खडे होतात. तेही लहान वयात. जेवणानंतर पोटाच्या उजव्या बाजूला वरती कळ येत असेल तर सोनोग्राफी करून घ्यावी.

या आजारात शरीराला एक सोयही आपोआप मिळते. शेवटचा टप्पा अडल्यामुळे त्याच्या आधीची द्रव्यं पेशीत साचतात. त्यातलं 2,3-डीपीजी नावाचं द्रव्य वाढलं की हिमोग्लोबिन आपल्याकडचा ऑक्सिजन ऊतींना अधिक सहज सोडतं. म्हणून आठ हिमोग्लोबिन असलेला असा रुग्ण दिवसभर काम करताना दिसतो, तर दुसऱ्या एखाद्या कारणाने तितकंच हिमोग्लोबिन झालेला माणूस अंथरुणाला खिळतो. रक्त चढवायचं की नाही हे त्यामुळे नुसत्या आकड्यावर ठरवत नाहीत. मूल वाढतंय का, खेळतंय का, मोठा माणूस आपलं काम करू शकतो का, यावर ठरवतात.

पण याची दुसरी बाजूही आहे. जन्मापासून थकलेल्या माणसाला न थकलेलं शरीर कसं असतं हे माहीतच नसतं. ‘कसं वाटतंय?’ असं विचारलं की तो ‘बरा आहे’ म्हणतो आणि खरंच बरा आहे असं समजून सगळे पुढे जातात. त्यापेक्षा नेमकं विचारावं. घरी आल्यावर आडवं व्हावं लागतं का? वाचलेलं डोक्यात राहतं का? सुटीचा दिवस निव्वळ झोपण्यात जातो का? या प्रश्नांमधून खरी परिस्थिती कळते.

लोह साठतं कसं

आता या आजाराच्या त्या भागाकडे येऊ, ज्याची सगळ्यात कमी चर्चा होते आणि जो माझ्या मते सगळ्यात जास्त लक्ष देण्याजोगा आहे.

प्रौढ माणसाच्या शरीरात एकूण तीन ते चार ग्रॅम लोह असतं. त्यातलं बरंचसं तांबड्या पेशींमधल्या हिमोग्लोबिनमध्ये. जुन्या पेशी मोडल्या की त्यांतलं लोह काढून नव्या पेशींसाठी वापरलं जातं आणि रोजची 20 ते 25 मिलिग्रॅमची गरज या फेरवापरातूनच भागते. अन्नातून रोज शोषलं जातं ते जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम. त्वचेच्या आणि आतड्याच्या झडणाऱ्या पेशींतून साधारण तेवढंच बाहेर जातं. पाळी येणाऱ्या स्त्रियांत थोडं जास्त. याखेरीज जादा झालेलं लोह बाहेर टाकण्याची शरीरात काही व्यवस्थाच नाही. पाणी जास्त झालं तर मूत्रपिंडं ते बाहेर टाकतात, लोहाचं तसं नाही. आत आलं ते राहिलंच.

म्हणून सगळं नियंत्रण आत घेण्यावर असतं, आणि ते करतं हेप्सिडिन नावाचं यकृतात तयार होणारं हार्मोन. आतड्याच्या दारावरचा तो राखणदार. साठा पुरेसा असला की हेप्सिडिन वाढतं आणि आतड्यातून रक्तात येणारं लोह अडवलं जातं. साठा कमी झाला की ते घटतं आणि दार उघडतं. हे हार्मोन सापडलं ते 2000 च्या सुमारास. रक्त कमी असताना ही व्यवस्था चुकते कशी, याचा महत्त्वाचा दुवा 2014 मध्ये मिळाला. तो म्हणजे एरिथ्रोफेरोन हे दुसरं हार्मोन. अस्थिमज्जा जोमाने तांबड्या पेशी बनवत असली की तिथल्या कोवळ्या पेशी एरिथ्रोफेरोन सोडतात आणि ते यकृताला हेप्सिडिन कमी करायला लावतं. अपघातात रक्त गेलेल्या माणसासाठी हे योग्यच आहे. त्याला लोह हवं असतं. पायरूव्हेट कायनेजच्या रुग्णात मात्र लोह कुठे गेलेलंच नसतं. पेशी शरीरातल्या शरीरात फुटलेली असते आणि तिचं लोह आतच असतं. तरी मज्जा रात्रंदिवस राबत असते, हेप्सिडिन दबलेलं राहतं आणि आतडं वर्षानुवर्षं जरुरीपेक्षा जास्त लोह आत घेत राहतं.

म्हणजेच ज्याला आयुष्यात एकदाही रक्त चढवलेलं नाही, त्याच्याही शरीरात लोह साठू शकतं. हे वाक्य मला ठळक अक्षरांत लिहावंसं वाटतं. कारण ‘रक्त घेत नाही, मग लोहाची काय चिंता’ असं समजून कित्येकांची तपासणीच होत नाही आणि यकृत बिघडल्यावर हे लक्षात येतं.

रक्त घ्यावं लागणाऱ्यांचं गणित आणखी कठीण. तांबड्या पेशींच्या एका पिशवीत 200 ते 250 मिलिग्रॅम लोह असतं. निरोगी माणूस अन्नातून जेवढं लोह चार-पाच महिन्यांत शोषतो, तेवढं एका पिशवीतून काही तासांत आत येतं. वीस पिशव्या झाल्या की चार-पाच ग्रॅम. म्हणजे संपूर्ण शरीरात असायला हवं त्याहूनही जास्त. मी हे रक्त घेण्याच्या विरोधात लिहीत नाही. वाढत्या मुलाला वेळच्या वेळी रक्त मिळणं त्याच्या उंचीसाठी, हाडांसाठी, अभ्यासासाठी आवश्यक असतं. फक्त पहिल्या पिशवीपासून नोंद ठेवायला हवी. तारीख आणि किती पिशव्या, एवढं वहीत लिहिलेलं असलं तरी पुढच्या डॉक्टरला त्याचा फार उपयोग होतो.

एक रिपोर्ट वाचून पाहू

समजा पंचवीस वर्षांच्या एका तरुणीचा रिपोर्ट समोर आहे. तिने कधीही रक्त घेतलेलं नाही. हिमोग्लोबिन 9.1. रेटिक्युलोसाइट, म्हणजे अगदी कोवळ्या तांबड्या पेशी, 8 टक्के. निरोगी माणसात त्या अडीच टक्क्यांच्या आत असतात, म्हणजे मज्जा जोरात काम करते आहे. बिलिरुबिन 4.2 आणि त्यातलं बहुतेक ‘इनडायरेक्ट’, म्हणजे पेशी फुटत आहेत. इथवर आजाराचीच नेहमीची खूण. पुढे फेरिटिन, म्हणजे लोहाच्या साठ्याचा अंदाज देणारं प्रथिन, 610. स्त्रियांत ते साधारण दीडशे-दोनशेपर्यंत असतं. ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, म्हणजे रक्तात लोह वाहून नेणारं प्रथिन लोहाने किती भरलंय ते, 72 टक्के, जे 45 च्या आत असायला हवं.

आता कुणी म्हणेल, फेरिटिन हजाराच्या वर गेलं की बघू. नियमित रक्त घेणाऱ्यांच्या बाबतीत हजाराचा आकडा इतका रुळलेला आहे की तो सगळ्यांना लावला जातो. पण रक्त न घेता, आतड्यातून हळूहळू साठणारं लोह मुख्यतः यकृताच्या पेशींत जातं आणि त्याच्या मानाने फेरिटिन फारसं वाढत नाही. 610 फेरिटिन असलेल्या या मुलीच्या यकृतात लोहाचं प्रमाण चिंता करण्याइतकं असू शकतं. उलट ताप, संसर्ग किंवा सूज असेल तर लोह न वाढताही फेरिटिन चढतं. म्हणून ते बरं असतानाच मोजावं आणि एका आकड्यापेक्षा दोन-तीन वर्षांचा कल पाहावा.

खरं मोजमाप होतं ते एमआरआयवर. लोह चुंबकीय असल्यामुळे त्याचा प्रतिमेवर परिणाम होतो आणि त्यावरून यकृताच्या एक ग्रॅम कोरड्या वजनात किती मिलिग्रॅम लोह आहे हे सांगता येतं. तीनच्या वर म्हणजे लोह साठलंय. सातच्या वर दुष्परिणामांचा धोका वाढतो. पंधराच्या वर परिस्थिती गंभीर. हृदयासाठी टी-टू-स्टार नावाचं मोजमाप करतात आणि तिथे उलटं असतं, आकडा जितका कमी तितकं लोह जास्त. 20 मिलिसेकंदांच्या खाली गेलं की हृदयात लोह आहे, 10 च्या खाली गेलं की तातडीने उपचार हवेत. तपासणीला सुई नाही, दुखणं नाही. यंत्राच्या आत पडून सांगतील तेव्हा काही सेकंद श्वास रोखायचा. मात्र हे मोजमाप करायला त्यासाठीची खास पद्धत लागते. साध्या पोटाच्या एमआरआयमधून हा आकडा येत नाही. चिठ्ठीवर ‘यकृत आणि हृदयातल्या लोहाचं मोजमाप’ असं स्पष्ट लिहून घ्यावं.

जादा लोहाने बिघडतं काय? रक्तात लोहाला धरून ठेवणाऱ्या प्रथिनाची क्षमता संपली की लोह सुटं फिरू लागतं, पेशींत शिरतं आणि तिथे पेशींना इजा करणारे अतिक्रियाशील रेणू तयार करतं. या आजारात पहिला फटका यकृताला बसतो. आधी तंतुमयता, म्हणजे व्रणासारखे तंतू वाढणं, मग सिरोसिस, म्हणजे यकृत कायमचं कडक होणं. दुखत काहीच नाही, म्हणून कळतही नाही. हृदयात लोह गेलं तर ठोके अनियमित होतात, हृदय कमजोर होतं. ग्रंथींवरचा परिणाम तर पुष्कळदा भलत्याच कारणावर ढकलला जातो. वयात येणं लांबतं, पाळी येत नाही किंवा थांबते, थायरॉइड मंदावतं. हाडं ठिसूळ होतात, त्याला पसरलेली मज्जाही कारणीभूत असते.

स्वादुपिंडात लोह साठून मधुमेह होऊ शकतो. इथे एक धोका आहे जो प्रत्येक रुग्णाला माहीत असायला हवा. मधुमेहासाठी सर्रास केली जाणारी एचबीएवनसी चाचणी या आजारात भरवशाची नाही. तांबडी पेशी दोन-तीन महिन्यांत किती साखर धरते यावर ती आधारलेली आहे. इथे पेशी तेवढी जगतच नाही. साखर वाढलेली असूनही रिपोर्ट चांगला येऊ शकतो. त्याऐवजी उपाशीपोटीची आणि ग्लुकोज घेतल्यानंतरची साखर मोजावी, किंवा फ्रुक्टोसामाइन ही चाचणी करावी.

साठलेलं लोह काढायचं कसं

ज्यांना ॲनिमिया आहे त्यांचं रक्त काढून लोह कमी करणं सहसा जमत नाही. म्हणून लोहाला चिकटून त्याला लघवी किंवा शौचावाटे बाहेर नेणारी औषधं द्यावी लागतात. त्यांना किलेटर म्हणतात.

सगळ्यात जुनं डेफेरॉक्सामाइन, 1960 च्या दशकापासून वापरात आहे. ते तोंडाने घेतलं तर उपयोग नाही, आणि रक्तात गेल्यावर काही मिनिटांतच त्याचं प्रमाण निम्म्यावर येतं. म्हणून ते तासन्‌तास हळूहळू द्यावं लागतं. रात्री झोपण्यापूर्वी कुपीतली पूड पाण्यात विरघळवायची, सिरिंजमध्ये भरायची, छोट्या पंपाला जोडायची, पोटाच्या त्वचेखाली बारीक सुई घालून चिकटपट्टी लावायची आणि आठ ते बारा तास तसंच राहायचं. आठवड्यातून पाच ते सात रात्री. कुशीवर वळताना नळी ओढली जाते. सुईच्या जागी लाल, कडक गाठ येते, म्हणून दर रात्री जागा बदलायची. सकाळी लघवीला तांबूस रंग आला की लोह बाहेर पडतंय हे दिसतं. चौदा-पंधरा वर्षांचं मूल हे सगळं टाळू लागलं तर त्याला रागावण्याआधी आपण स्वतः एक रात्र तशी काढायची कल्पना करून पाहावी. मग दोन रात्रींची सूट देऊन बाकीच्या नीट पाळायच्या, की गोळी सुरू करायची, हे डॉक्टरांशी बोलून ठरवता येतं.

गोळ्यांमुळे पुष्कळांचं आयुष्य सोपं झालं. डेफेरासिरॉक्स दिवसातून एकदा घ्यायची. अमेरिकेत तिला 2005 मध्ये मान्यता मिळाली. तिच्यासोबत क्रिएटिनिन (मूत्रपिंडांची चाचणी) आणि यकृताच्या चाचण्या दर महिन्याला कराव्या लागतात. डेफेरिप्रोन दिवसातून तीनदा घ्यायची. हृदयातलं लोह काढायला ती चांगली, पण काही जणांत ती पांढऱ्या पेशी धोकादायक प्रमाणात कमी करते. ही गोळी चालू असताना ताप आला किंवा घसा दुखला तर गोळी थांबवायची आणि त्याच दिवशी रक्त तपासायचं. उद्या बघू, असं करायचं नाही. किलेटर चालू असताना डोळे आणि कान वर्षातून एकदा तपासून घ्यावेत.

डेफेरॉक्सामाइनबाबत एक विशेष सूचना. येर्सिनिया नावाच्या जिवाणूला हे औषध लोह मिळवून देतं. त्यामुळे तापासोबत पोटदुखी, जुलाब झाले तर पंप बंद करून लगेच डॉक्टरांकडे जावं आणि ‘लोह जास्त आहे, डेफेरॉक्सामाइन चालू आहे’ हे आपणहून सांगावं. यकृतात लोह जास्त असलेल्यांनी समुद्रातले कच्चे शिंपलेही टाळावेत. त्यातल्या एका जिवाणूचा संसर्ग अशा माणसांच्या जिवावर बेतू शकतो. मद्याबद्दल वेगळं सांगायला नको. लोहाने आधीच बेजार यकृतावर ते दुसरं ओझं.

अन्नाची मात्र फार धास्ती घेऊ नये. नियमित रक्त घेणाऱ्याच्या बाबतीत पिशवीतून येणाऱ्या लोहापुढे जेवणातलं लोह अगदी किरकोळ असतं. मुलांना सदा ‘हे खाऊ नको, ते खाऊ नको’ करण्यातून फारसं काही हाती लागत नाही. लक्ष ठेवायचं ते गोळ्यांवर. नव्या पेशींसाठी फॉलिक ॲसिड घ्यायला सांगितलेलं असतं, पण बाजारात ते पुष्कळदा लोहासोबत एकाच गोळीत मिळतं. मल्टिव्हिटामिन आणि गरोदरपणातल्या गोळ्यांचंही तसंच. वेष्टनावरची बारीक अक्षरं प्रत्येक वेळी वाचा. क जीवनसत्त्वाचे मोठे डोस स्वतःच्या मनाने घेऊ नका, त्याने लोहाचं शोषण वाढतं.

प्लीहा काढावी का?

पेशी प्लीहेत नष्ट होतात, तर प्लीहाच काढली तर? बऱ्याच रुग्णांत ती काढतात. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या 254 रुग्णांच्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात 150 जणांची प्लीहा काढलेली होती. त्यांचं हिमोग्लोबिन साधारण 1.6 ने वाढलं आणि बहुतेकांना रक्ताची गरज कमी झाली. आकडा छोटा दिसतो, पण सातवरून साडेआठवर येणं म्हणजे काही जणांसाठी रक्ताच्या फेऱ्याच थांबणं. शस्त्रक्रियेनंतर रेटिक्युलोसाइट उलट आणखी वाढतात. ते पाहून घाबरू नये. प्लीहेत आधी मरणाऱ्या कोवळ्या पेशी आता जगतात, एवढाच त्याचा अर्थ.

किंमतही मोठी आहे. प्लीहा काही जिवाणूंपासून आपलं रक्षण करते. ती नसताना न्यूमोकोकससारखा जिवाणू काही तासांत जीव घेऊ शकतो. म्हणून शस्त्रक्रिया शक्यतो पाच वर्षांच्या वयानंतर करतात, आधी लसी पूर्ण करून घेतात आणि नंतर प्रतिजैविक चालू ठेवतात. प्लीहा काढलेल्या माणसाला 38.5 अंश सेल्सिअसच्या वर ताप आला तर ती तातडीची वेळ समजावी, मध्यरात्र असली तरी. रक्ताच्या गुठळ्यांचा धोकाही वाढतो. आणि हेप्सिडिनचा प्रश्न प्लीहा काढून सुटत नाही. रक्त घेणं थांबलं म्हणून लोहाची तपासणी थांबवली, ही चूक अशाच वेळी होते. त्याच अभ्यासात एकूण 48 टक्के रुग्णांत लोह साठलेलं आढळलं.

आणखी एक प्रसंग ओळखता यायला हवा. पार्वोव्हायरस बी-19 हा लहान मुलांत सर्रास फिरणारा विषाणू मज्जेतलं तांबड्या पेशींचं उत्पादन काही दिवस बंद पाडतो. निरोगी मुलाला ते जाणवतही नाही. इथे पेशींचं आयुष्यच इतकं थोडं की हिमोग्लोबिन झपाट्याने कोसळतं. मूल एकदम पांढरंफटक, गळून गेलेलं, पण डोळे नेहमीपेक्षा कमी पिवळे आणि रेटिक्युलोसाइट जवळजवळ शून्यावर, असं चित्र दिसलं तर थांबू नये. जवळ नेहमी एक कागद ठेवावा. त्यावर आजाराचं पूर्ण नाव, नेहमीचं हिमोग्लोबिन, प्लीहा आहे की नाही, चालू औषधं. पूर्ण नाव अशासाठी की ‘पीकेडी’ हेच संक्षिप्त रूप मूत्रपिंडाच्या एका वेगळ्याच आजारासाठीही वापरतात आणि घाईगर्दीत घोटाळा होतो.

मूल हवं असेल तर आधीच तयारी करावी. गरोदरपणात हिमोग्लोबिन आणखी उतरतं, एरवी रक्त न लागणाऱ्या स्त्रीलाही ते लागू शकतं. त्या काळात किलेटर सहसा बंद ठेवतात, म्हणून लोहाची पातळी त्याआधी खाली आणलेली बरी आणि हृदय तपासलेलं असावं.

नवे उपचार

2022 च्या फेब्रुवारीत अमेरिकेत मिटापिव्हॅट या गोळीला प्रौढांसाठी मान्यता मिळाली. या आजाराच्या मुळाशी जाणारं हे पहिलं औषध. ते कमजोर पडलेल्या एन्झाइमलाच चिकटून त्याला अधिक काम करायला लावतं. नियमित रक्त न घेणाऱ्या 80 प्रौढांवरच्या चाचणीत, औषध मिळालेल्यांपैकी 40 टक्के जणांचं हिमोग्लोबिन दीड किंवा त्याहून जास्त वाढलं आणि टिकलं. खोटी गोळी मिळालेल्यांत एकाचंही नाही. उरलेल्या 60 टक्क्यांना तेवढा फायदा का झाला नाही, याचं उत्तर बऱ्याच अंशी जनुकात आहे. ज्यांच्या दोन्ही प्रतींमधल्या दोषामुळे एन्झाइम जवळपास तयारच होत नाही, त्यांच्यात चेतवायला काही उरत नाही. म्हणून आपला नेमका जनुकीय दोष कोणता हे लेखी असावं. ही गोळी अचानक बंद केली तर पेशी एकदम फुटू शकतात, ती हळूहळू कमी करत न्यावी लागते. मज्जेवरचा ताण उतरला की हेप्सिडिनही सावरू लागतं, अशी चिन्हं दिसली आहेत. मला या औषधाबद्दल सगळ्यात जास्त आशा वाटते ती यामुळे.

अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने आजार मुळातून बरा होऊ शकतो, पण धोका मोठा आहे आणि आजवर अगदी थोड्या रुग्णांत ते झालं आहे. जनुकोपचार अजून चाचण्यांच्या टप्प्यावर आहे. प्रत्यारोपणासाठी भावंडांची तपासणी होतेच, पण तो विचार नसतानाही ती करून घ्यावी. सौम्य आजार असलेलं एखादं भावंड ‘जरा अशक्त आहे’ म्हणून तसंच मोठं झालेलं असतं आणि त्याचं लोह कुणीच मोजलेलं नसतं.

प्रत्यारोपण यशस्वी झालं तरी आधी साठलेलं लोह यकृतात तसंच राहतं. हिमोग्लोबिन तेरा झालं म्हणून ते आपोआप निघून जात नाही. पण आता मज्जा निरोगी असते, त्यामुळे एरवी न जमणारी गोष्ट जमते. ठरावीक दिवसांनी थोडं थोडं रक्त काढायचं, नव्या पेशी बनवायला शरीर यकृतातलं लोह वापरतं आणि साठा उतरत जातो. याला अनेक महिने, कधी वर्षंही लागतात आणि दरम्यान एमआरआय चालूच ठेवावं लागतं.